चकत्यांची तूट

मंगळवार, ४ मार्च

माझ्या खोलीच्या दाराची करकर चोरीला गेली आहे. ही नोंद मी पूर्ण गांभीर्याने करतो आहे. एकोणीस वर्षं ते दार उघडताना करकरत होतं आणि माझं गृहस्थजीवन त्या करकरीवर बेतलेलं होतं. बायको आत पाऊल टाकण्याआधी मला दीड सेकंदाची पूर्वसूचना मिळे. तेवढ्या अवधीत डुलकी आवरून पेन हातात धरता येई. आज दुपारी जाग आली तेव्हा ती खुर्चीच्या पाठीशीच उभी होती.

"लेख हल्ली डोळे मिटून लिहिता वाटतं?"

"चिंतन चाललं होतं."

"घोरत? बरं."

आरोपी शोधायला लांब जावं लागलं नाही. मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, वय अठ्ठेचाळीस, एकटा जीव. काचकारखान्यात सव्वीस वर्षं तो बाटल्या तपासत होता. सरकत्या पट्ट्यावरून बाटली येते, मागे दिवा असतो, काचेत तडा किंवा बुडबुडा दिसला की ती बाजूला काढायची. चौदा महिन्यांपूर्वी कारखाना बंद झाला, त्याला खोलीचं भाडं झेपेना, आणि बहिणीने त्याला आमच्या पुढच्या खोलीत आणून ठेवलं. तेव्हापासून तो आमच्या घरातल्या न बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करतो. नळ झाले, कड्या झाल्या, खिडक्यांचे आकडे झाले. माझ्या टेबलाचा डुगडुगता पाय झाला. त्याखालचा घडीचा कागद खरं तर माझ्या उपयोगाचा होता. आता दाराला तेल. पेल्यातलं पाणीसुद्धा तो उजेडात धरून पाहिल्याशिवाय पीत नाही. थोडक्यात, चौदा महिने तो निष्काम आहे. संस्कृतात ही सिद्धी समजतात, मराठीत रिकामपण.

मी वर्तमानपत्राचा आर्थिक बातमीदार. पदवी संस्कृतची. ज्याला 'अर्थ' हा शब्द सगळ्या विभक्तींत चालवता येतो त्याला अर्थखातं जमेल, असं तेव्हाच्या संपादकांचं मत पडलं. बावीस वर्षं जमवतो आहे. दर गुरुवारी माझं सदर येतं: 'अंथरूण'. त्यात मी सरकारपासून नगरपालिकेपर्यंत सर्वांना अंथरूण पाहून पाय पसरायला सांगतो. वाचकांना आवडतं. पाय दुसऱ्याचे असले की हा सल्ला सगळ्यांनाच पटतो.

शुक्रवार, ७ मार्च

पालिकेकडे पैसे नाहीत ही काही बातमी नव्हे. बातमी ही, की अध्यक्षबाईंनी त्यावर चकत्या काढल्या आहेत.

बाई पूर्वी शाळेत गणित शिकवत. अजूनही समोरच्याचा पाढा चुकला असावा अशा नजरेने पाहतात. त्यांची योजना अशी: ज्याला काम हवं त्याने पालिकेत यावं, काम मिळेल. मोबदला पत्र्याच्या चकत्यांत, तासाला एक. आणि यापुढे प्रत्येक घराने घरपट्टीचा पाचवा हिस्सा चकत्यांतच भरायचा. म्हणजे घर असलेल्या प्रत्येकाला चकत्या लागणार. त्या हव्या असतील तर एक तर स्वतः काम करायचं, नाहीतर ज्याने केलं त्याला काहीतरी विकायचं.

मी विचारलं, "या चकत्यांना आधार काय?"

"घरपट्टी चुकवून पाहा, आधार कळेल."

"तरी पण, पालिकेने अंथरूण पाहून—"

"बातमीदार, चकत्या पाडतं कोण? आम्ही. अंथरूण विणणाऱ्यालाच अंथरूण पाहा म्हणता? त्याला सूत पाहायला सांगा." त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. समोरच्या कट्ट्यावर पाच-सहाजण बसले होते, आणि त्यांच्या पायाशी तुंबलेलं गटार होतं. "तीनशे माणसं बसून आहेत आणि कामं पडून आहेत. हे माझं सूत. ते संपलं की थांबेन."

वहीत लिहून घेतलं: 'उपमा बरी. शास्त्राधार नाही.'

गुरुवार, १३ मार्च

सदर छान उतरलं. चकतीला मी 'पालिकेची बटणं' म्हटलं आहे. कार्यालयात टाळ्या.

घरी मेहुण्याने चहाबरोबर वाचलं. "मजेशीर लिहिलंय भाऊजी." मग मी नमुन्याला आणलेली चकती त्याने उचलली आणि सवयीने खिडकीच्या उजेडात धरली. पत्र्यातून काय दिसणार? पण धरली.

"पत्रा आमच्याकडचा आहे. टोपणांचा. गोदामात पडून होता." नखाने कड चाचपली. "कापताना साचा सरकलाय."

"म्हणजे सदोष?"

"चालेल. बाजूला काढण्याइतकी नाही." चकती टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. "नाव कुठे नोंदवतात, भाऊजी?"

मी बायकोकडे पाहिलं. ती धुतलेलं पातेलं पुन्हा धूत होती.

सोमवार, १७ मार्च

साडेपाचला न्हाणीघर अडलेलं. आत कुणीतरी दाढी करत होतं. या घरात ही वेळ माझी आहे.

मेहुण्याला मिळालेलं काम: शहरात जी म्हातारी माणसं एकटी राहतात, त्यांची चाळीस घरं. नळ, बिजागऱ्या, दिवे, जिन्याचे कठडे. आठवड्यातून एकदा प्रत्येक घरी जायचं, बिघडलं असेल ते पाहायचं. बायको म्हणाली, "बिघडलेलं, हं. चांगलं असेल त्याला हात लावू नकोस."

चाळिसांच्या यादीत चौदावे माझे गुरुजी निघाले. महाविद्यालयात त्यांनी मला व्याकरण शिकवलं. वय चौऱ्याऐंशी. मी त्यांना भेटून किती वर्षं झाली हे मेहुण्याने विचारलं नाही, हे बरं झालं.

गुरुवार, २७ मार्च

गुरुजी माझं सदर वाचतात. आज मेहुणा त्यांच्याकडून कात्रण घेऊन आला, लाल पेन्सिलीने रंगवलेलं. आजचं सदर नव्हे. कारखाना बंद झाला तेव्हाची माझी बातमी. पंधरा महिने जपून ठेवलेली. 'कारखान्यातील चारशे कामगार कमी करण्यात आले' या वाक्याखाली दोन रेघा आणि समासात: 'कर्ता लुप्त. शोधून आणावा.'

"हे काय असतं?" मेहुण्याने विचारलं.

"कर्मणि प्रयोग. वाक्यात कोणी केलं ते सांगायचं नसलं की वापरतात."

"म्हणजे बातमीत?"

"बातमीत फारच."

त्याने मान हलवली. चारशेंतला तो एक होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. वाक्यात जागा नव्हती एवढंच. मग म्हणाला, "गुरुजी कडक आहेत. मला म्हणाले, उशीर झाला. नऊ वाजताचं ठरलं होतं, नऊ वाजून दहा मिनिटं झालीत." हे सांगताना तो कधी नव्हे इतका खूश दिसत होता.

रविवार, ६ एप्रिल

दार करकरतं आहे. हलकेच, पण आवाज ओळखीचा. मेहुण्याला चाळीस घरांमधून आमच्या दाराकडे पाहायला सवड नाही. डुलक्या पूर्ववत.

रस्त्यावर फेरफटका मारला, सदरासाठी दोष शोधायला. सापडले. बागेतलं एक बाक तीनदा रंगवलं गेलं आहे. वाचनालयात पुस्तकांची यादी करायला बसवलेल्या दोघांचं आपसांत पटत नाही, त्यामुळे 'क' पर्यंतची पुस्तकं एकाची आणि 'प' पासूनची दुसऱ्याची, मधली अनाथ. हे टिपून घेतलं. गटार वाहतं आहे, हेही दिसलं. त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. न्हावी चकत्या घेतो. चांभार घेतो. दोघांच्याही दुकानात वर्षभरात पाहिली नाहीत इतकी माणसं होती.

मेहुण्याने चकत्या देऊन बहिणीला चपला आणल्या. तिने पायात घालून घरभर दोन फेऱ्या मारल्या आणि "एक नंबर मोठ्या आहेत" म्हणाली. बदलायला मात्र दिल्या नाहीत.

नंतर तो माझ्या खोलीत आला. करकर झाली, मी सावध होतो. रुमालात बांधलेल्या एकतीस चकत्या त्याने टेबलावर ठेवल्या. "तुमच्या कप्प्यात राहू द्या. मे महिन्यात आपल्या घराची पट्टी भरायची असेल ना, त्यातला चकत्यांचा हिस्सा माझ्याकडून."

चौदा-पंधरा महिने तो 'तुमचं घर' म्हणत होता.

मंगळवार, २२ एप्रिल

पालिकेच्या लेखनिकाने आकडे दिले. आतापर्यंत कामापोटी बारा हजार चकत्या दिल्या गेल्या. आगाऊ भरलेल्या घरपट्टीतून सात हजार परत आल्या.

उपसंपादकाने विचारलं, "राहिलेल्या पाच हजारांना काय म्हणू? मथळ्यात बसलं पाहिजे." मी 'न्यूनता' नाकारला, 'अनागत' मोहक होता पण कुणाला कळला नसता. 'तूट' म्हणालो. दोन अक्षरं, धारदार. अर्ध्या मिनिटात काम झालं. परिभाषेत मी आमच्याकडे प्रमाण मानला जातो.

बायको रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर असते. दिवसभर लोकांना 'नेमकं काय होतंय' असं विचारत असते. ती सवय घरी घेऊन येते.

"तूट म्हणजे त्या चकत्या हरवल्या का?"

"हरवतील कशा? लोकांकडे आहेत."

"खिशात, डब्यात, असं?"

"असंच."

"मग उरल्या म्हणा ना. पाच हजार लोकांकडे उरल्या."

"पालिकेच्या बाजूने पाहिलं की तिला तूट म्हणतात."

"आणि लोकांच्या बाजूने कोण पाहतं?"

"त्याला वेगळं सदर नाही," मी म्हणालो. विनोद चांगला होता. ती हसली नाही, दमली असावी.

गुरुवार, २४ एप्रिल

सदर: 'पाय अंथरुणाबाहेर'. बावीस वर्षांतलं बहुधा सर्वोत्तम. ज्या घरातून बारा जातात आणि सात येतात त्या घराचं काय होतं, असा प्रश्न वाचकांना विचारला आहे. प्रत्येकाला आपलं घर आठवणार.

शेवटचा परिच्छेद लिहिताना पेन संपलं. दुसरं शोधायला कप्पा ओढला तर मेहुण्याची पुरचुंडी खुळखुळली. ती बाजूला सारून पेन काढलं.

रविवार, २७ एप्रिल

जागरूक नागरिकांची सभा झाली. पुढाकार गोदामवाल्यांचा. त्यांची सात गोदामं आणि भाड्याने दिलेल्या चाळीसेक खोल्या आहेत. त्यांनी माझं सदर दोनदा वाचून दाखवलं, 'बारा जातात, सात येतात' या ठिकाणी थांबून, आणि मला पुष्पगुच्छ दिला. सभेत लोक खरोखर घाबरले होते. एक आजोबा म्हणाले, "आपलं शहर बुडणार की काय?" त्यांच्या खिशात चकत्या वाजत होत्या.

गोदामवाले मात्र शांत. सुरुवातीपासून ते भाडेकरूंकडून भाड्यात चकत्या घेत आले आहेत. चार डबे भरलेत, असं त्यांचा दिवाणजी कौतुकाने सांगत होता. काटकसरी माणूस. अशांना शिस्त कळते.

पुष्पगुच्छ बायकोला दिला. "कशाबद्दल?" तिने विचारलं. मेहुणा जवळच होता, म्हणून "सभेत मिळाला" एवढंच सांगितलं.

शुक्रवार, २ मे

पालिकेत अकरा विरुद्ध सहा मतांनी ठराव झाला. महिन्यात जितक्या चकत्या परत येतील तितक्याच तासांचं काम द्यायचं; एकही जास्त नाही. ठरावात 'अंथरूण' हा शब्द दोनदा आहे. कायद्याच्या भाषेत आपला शब्द जाणं हे पाणिनीलाही सुखावलं असतं.

जिन्यात अध्यक्षबाई भेटल्या. चिडल्या असतील असं वाटलं होतं, नव्हत्या. "बेरीज-वजाबाकी नेटकी आहे तुमची," म्हणाल्या. "फक्त चिन्ह चुकलंय."

"कुठलं?"

"तुम्ही वजा पाच हजार लिहिलंत. त्यांच्या घरी जाऊन बघितलं असतंत तर अधिक दिसलं असतं." आणि खाली उतरून गेल्या. शिक्षकी पेशा सुटत नाही माणसाचा.

मंगळवार, १३ मे

गंमतशीर प्रकार. चकत्या कमी होणार असं कळल्याबरोबर लोक त्या सोडेनासे झाले. पट्टीच्या हप्त्याला अजून अवकाश आहे, तोवर डब्यात बऱ्या. त्यामुळे परत येणाऱ्या घटल्या. परत येणाऱ्या घटल्या म्हणून काम घटलं, काम घटलं म्हणून चकत्या आणखी कमी. न्हाव्याने पाटी लावली आहे: 'चकती सुटी मिळणार नाही.' आत तो एकटाच बसलेला. मला पाहून आशेने कात्री उचलली. मी पुढे गेलो. मला आता कापण्यासारखं फार राहिलेलंही नाही.

ज्यांच्याकडे चकत्या नाहीत त्यांना गोदामवाले विकत देतात. दर दुप्पट. सदरात मी याला 'बाजाराने शोधलेली किंमत' म्हटलं आहे. बाजाराला डबे कुठे आहेत ते सापडलं, एवढं खरं.

मेहुण्याचे रोजच्या सहा तासांचे दोन झाले. चाळीस घरांची अकरा. कोणती एकोणतीस घरं गाळायची, ते त्यालाच ठरवायला सांगितलं होतं. काल तो यादी घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला होता. एकेक नाव पाहायचा, बराच वेळ पाहायचा. बाटली म्हणे सेकंदाला एक जायची.

गुरुवार, २२ मे

बातमी: 'चकत्यांची तूट संपूर्णपणे भरून काढण्यात आली. काम योजना स्थगित.'

पट्टीचा हप्ता आला, लोकांनी डबे रिकामे केले, आणि तूट आधी भरावी म्हणून पालिकेने एकही नवी चकती दिली नाही. जितक्या गेल्या तितक्या आल्या; बाहेर एकही उरली नाही, म्हणून परत येणारी नाही, म्हणून कामही नाही. पालिकेच्या तळघरात रचून ठेवल्या आहेत; मी पाहून आलो. पत्रा आहे, दुसरं काय दिसणार. संपादकांनी पाठीवर थाप मारली. सदर आता आठवड्यातून दोनदा करायचं म्हणतात.

आमची पट्टी मेहुणा स्वतः भरून आला. माझ्या कप्प्यातल्या एकतीस चकत्या घेऊन गेला आणि पावती आणून माझ्या हातात दिली. "झाली," म्हणाला.

बायकोने मथळा वाचला. "भरून काढली. कुणातून काढली?"

"तो वाक्प्रचार आहे."

"असेल." तिने पेपर घडी करून ठेवला. "पण मी विचारलं, कुणातून."

मेहुणा आता पुन्हा घरी असेल. दाराला तेल लागणार, डुलक्या धोक्यात.

शनिवार, ३१ मे

तेल लागलेलं नाही.

गुरुजींकडे गेलो. अठरा वर्षांनी. कारण सांगायचं तर, मेहुणा तिकडे जातो का हे पाहायचं होतं. घर तेच. ओट्यावरचा नळ गळत होता, खाली वाडगा लावलेला.

"तो येत नाही का?" मी विचारलं.

"योजना बंद झाल्यावर एकदा आला. मीच चुकलो. त्याला बसवलं, चहा विचारला, उगाच त्रास घेतलास म्हणालो. त्याने नळाकडे पाहिलं, चहा प्यायला आणि गेला."

"शिष्टाचारच तो, गुरुजी."

"हो ना. आधी मी त्याच्यावर ओरडत असे. उशीर झाला, वॉशर जाड बसवलास, हे असं कसं केलंस. त्या वेळी तो दर गुरुवारी नऊच्या ठोक्याला यायचा." त्यांनी उशीखालून कात्रण काढलं. बावीस तारखेचं. लाल पेन्सिल. 'भरून काढण्यात आली' याखाली दोन रेघा. "कर्ता?"

"पालिका," मी म्हणालो.

"पालिकेला कुणी सांगितलं?"

मी नळाकडे पाहिलं. थेंब पडेपर्यंत पाहत राहिलो.

"विद्यार्थी होतास तेव्हा उत्तर येत नसलं की खिडकीकडे पाहायचास," गुरुजी म्हणाले. "आणि येत असलं पण द्यायचं नसलं, तरी."

नळ मी दुरुस्त करून पाहिला. आता दोन ठिकाणी गळतो.

घरी येऊन मेहुण्याला म्हटलं, "गुरुजींचा नळ गळतोय." तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. दुपारचे चार.

"माहीत आहे भाऊजी."

"मग जाऊन ये की. माणुसकी म्हणून."

 मग म्हणाला, "माणुसकी म्हणून गेलं की ते चहा विचारतात. कामावर गेलं की नळ दाखवतात."

बुधवार, ४ जून

आज वाढीव सदराचा पहिला लेख द्यायचा होता. विषय: शिस्तीची फळं. दिला नाही. प्रकृतीचं कारण कळवलं. कुणाची ते लिहिलं नाही.

दार दोन महिन्यांत चांगलंच करकरू लागलं आहे. पूर्वीपेक्षा जास्त. रविवारी मी बाजारातून तेलाची छोटी बाटली आणली आणि काही न बोलता पुढच्या खोलीत त्याच्या उशाशी ठेवली. तीन दिवस ती तिथेच आहे, बूच न उघडलेली. दाराला तेल मी स्वतः घालू शकतो. दोन थेंबांचं काम. पण मग ती बाटली तिथे ठेवण्याला काही कारण उरणार नाही.

सकाळी साडेपाचला न्हाणीघर मोकळं असतं. माझीच वेळ ती, तरी दारापाशी जरा थांबतो. बायको कामावर जाताना त्याच्या खोलीत डोकावते आणि मला बाहेर येऊन म्हणते, "झोपलाय." संध्याकाळी येऊन पुन्हा डोकावते. काल तिने मला विचारलं, "तुम्ही घरी असता तेव्हा जरा लक्ष ठेवता ना?" कशावर, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चपला तिच्या पायात होत्या, एक नंबर मोठ्या.

त्याने मला अजून काही विचारलेलं नाही. सदर तो दर गुरुवारी वाचायचा, सगळी कात्रणं त्याने गुरुजींकडे पाहिली असणार. तरी 'भाऊजी' म्हणतो, पूर्वीच्याच आवाजात. 'आपलं घर' म्हणायचं तेवढं बंद केलं आहे.

काल रात्री जेवताना त्याच्या पेल्यात काडी तरंगत होती. बायकोला दिसली, मला दिसली. त्याने पेला उचलला, कुठेही न धरता तोंडाला लावला आणि पाणी पिऊन टाकलं.

गुरुजींनी मागितलेलं वाक्य इथे लिहून ठेवतो, निदान इथे तरी: मी त्याचं काम घालवलं. चुकीच्या एका शब्दाने, अर्ध्या मिनिटात, मथळ्यात बसावा म्हणून. ते परत कसं आणायचं हे मला माहीत नाही. अध्यक्षबाईंना माहीत असेल, उद्या त्यांच्याकडे जाणार आहे. पण अकरा मतं माझ्या सदरामुळे पडली, आणि ती उलटायला सदराला आठवडे लागतील. त्याच्याकडे किती आठवडे आहेत हे मला कळत नाही. मी दुपारी झोपत नाही. त्याच्या खोलीतून आवाज येतो का, ते ऐकत बसतो. मी घाबरलो आहे.